औंदा पाटील मरणार

मारोतराव पिंपळशेंडे यांनी एकोणतीस नाटकं लिहिली आणि त्यातल्या एकाचाही शेवट लिहिला नाही. कुणाला हे खोटं वाटेल, पण बोरडोहात कुणालाही विचारा. मारेगावहून आत वळलं की डांबर संपून गिट्टी सुरू होते, तिथं हे गाव. दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला की गावात नाटक व्हायचं. जेवणं आटोपून लोक सतरंज्या घेऊन यायचे. मग पाहुण्यांचे सत्कार, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा रुसवा, तो काढायला पुन्हा सत्कार, आणि या सगळ्यातून जी रात्र उरेल तिच्यात नाटक. गाण्यांना वन्समोअर मिळायचे. खलनायकाला मामेभावानं बक्षीस पुकारलं की तो हातातला खून अर्धवट सोडून मामेभावाचे आभार मानायचा. असं करता करता उजाडायचं, स्टेजवर ऊन यायचं, नटांच्या गालाचा रंग गळ्यापर्यंत उतरलेला दिसायचा, आणि गोठ्यातनं हंबरणं ऐकू आलं की प्रेक्षक सतरंज्या झटकून उठायचे. पडदा पडायचा. गोष्ट त्या वेळी जिथं असेल तिथं सोडून सगळे दूध काढायला जायचे.

पहिल्या वर्षी मारोतरावांनी शेवट लिहिण्याच्या बेतानं नाटक लिहिलं होतं. पण त्यांच्याआधी सूर्य आला. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी तो नाद सोडला. उलट त्यांना भीती असायची की नाटक रात्रीपेक्षा आखूड पडेल. म्हणून ते विंगेत उभे राहायचे आणि संवाद सरत आले की बबलूला स्टेजवर ढकलायचे. बबलू सायकल दुरुस्तीवाला. त्याच्याकडे एका पेटीत पोस्टमनची टोपी, डॉक्टरची नळी, हवालदाराचा दंडा आणि साधूची दाढी असायची. तो आत गेला की अर्ध्या तासाची निश्चिंती.

या सगळ्या नाटकांत एक पाटील असायचा आणि तो पहिल्या अंकात अंथरूण धरायचा. मरणारा माणूस मध्ये खाटेवर असला की सुना, पोरं, वकील, सावकार सगळ्यांना त्याच्याभोवती फिरवता येतं, ही मारोतरावांची युक्ती. पण पहिल्या वर्षी पाटलाचं काम करायला कुणबीपुऱ्यातला एकही बाप्या तयार होईना. खाटेवर निजून मरायचं सोंग करणं घरच्या बायांना अशुभ वाटायचं. तेव्हा भीमराज नगराळे पुढं आला. तो एसटीत ड्रायव्हर होता, आवाज असा की वणी स्टँडवर हाक मारली तर बस सुटलेली माणसंही परत यायची. "आमच्यात शकुन-अपशकुन नसते," तो म्हणाला. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आम्ही. आणा तो फेटा." तेव्हापासून वर्षातून एक रात्र बोरडोहचा पाटील बौद्धपुऱ्यातला असायचा आणि खऱ्या पाटलाच्या घरचा धाकटा त्याचे पाय चेपत बसायचा. भीमराज मुद्दाम म्हणायचा, "जोर लाव रे पोरा, खाल्लं नाही काय?" हे वाक्य मारोतरावांनी लिहिलेलं नव्हतं, पण त्याला दरवर्षी टाळ्या पडायच्या.

एवढ्या वर्षांत हा पाटील एकदाही मेला नाही. दरवेळी उजाडायचं.

मारोतरावांचा स्वभावच तो. त्यांना काही संपवता येत नसे. फोनवर ‘ठेवतो मग’ म्हटल्यावर त्यांचं खरं बोलणं सुरू व्हायचं. घराच्या वरच्या मजल्याच्या सळाखी कित्येक वर्षं आभाळाकडे बोटं करून उभ्या होत्या. लेक निकिता पुण्याला नोकरीला निघाली तर तिला गाडीत बसवायला म्हणून गेलेले मारोतराव बोलता बोलता त्याच गाडीतनं थेट पुलगावपर्यंत गेले. बेबीताई, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, "ह्या माणसाले कोणाच्या फाटकातून बाहेर निंघाले पाऊण घंटा लागते. म्या तर सोबत जानंच सोडलं."

औंदा मात्र पंचाईत झाली. नवे ठाणेदार आले आणि त्यांनी सांगितलं की रात्री दहाला भोंगा बंद. नाट्यमंडळाचा अध्यक्ष अमर ढवस तिशीतला, तो येऊन ओट्यावर बसला.

"काका, सहाले सुरू, दहाले खतम. चार घंट्याचं लिहा. अन् त्याले शेवट टाका."

"शेवट कायले? दहा वाजले का पडदा पाडू."

"नाही न जमत. लोकं आता मोबाईलवर पाह्यतात. शेवट नसला तं शिव्या देतात." अमरनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अन् भीमराजकाकाबी तेच म्हणून राह्यले."

भीमराज नुकताच नागपूरहून आला होता. त्याचं काळीज ढिलं पडलं होतं. तपासण्या झाल्या, आणि मग डॉक्टरांनी रवीला, म्हणजे त्याच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की यांना घरी न्या आणि जे मागतील ते खाऊ द्या. डॉक्टर पथ्य उठवतात तेव्हा काय ते समजायचं असतं. भीमराजला समजलं. त्यानं घरी येऊन पहिल्यांदा मटण मागितलं.

मारोतराव भेटायला गेले तेव्हा तो अंगणात खाटेवर उशाला टेकून बसला होता. पाय सुजले होते, पण आवाज जागेवर होता.

"मारोत्या, औंदा मले मारून टाक."

"काही बोलतं लेका! बरा होशीन तू."

"म्या नाटकातलं म्हणतो," भीमराज म्हणाला. "खऱ्याचं मी पाहतो. तू तेवढं नाटकातलं पाह्य."

मारोतराव घरी आले आणि लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात पाटलाचा थोरला मुलगा अमेरिकेहून औषध घेऊन आला आणि पाटील खाटेवरून उठून लावणीला बसला. भीमराजनं ते वाचून कागद परत दिला. "असं बरं होते काय कोणी? मी नागपूर पाहून आलो." मग मारोतरावांनी पाटलाला काशीला पाठवलं आणि तिकडून तो गेल्याची चिठ्ठी बबलू पोस्टमन घेऊन आला. यावर भीमराज खरंच चिडला.

"इतके वर्ष मी तुह्या खाटेवर निजलो, पाठीले फोडं आले माह्या, अन् मरासाठी बाहेरगावी जाऊ?"

"मंग असं करू," मारोतराव म्हणाले, "पाटील डोळे मिटते, अन् पडदा. मेला का झोपला, ज्यानं त्यानं समजावं."

"तीस वर्ष एसटी चालवली म्या. शेवटचा स्टॉप आला का गाडी उभी करा लागते. प्याशिंजरनं समजावं म्हणून चालत नाही."

आतून त्याची बायको कांताबाई आली. तिनं चहाचे कप आदळले. "तुमाले दोघाले काही कामधंदे नाही काय? आमच्यात अशुभबिशुभ काही नाही मानत, पण मले नाही पाहावत. नवरा मराचं सोंग करते अन् म्या समोर सतरंजीवर बसून पाहू?" एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी धुतलेली असताना पुन्हा धुवायला लागली.

भीमराजनं आतल्या भांड्यांच्या आवाजाकडं कान दिला. मग हळू म्हणाला, "पाह्यलं? घरात कोणी बोलतच नाही, मारोत्या. रवी म्हणते, बाबा, पुढच्या दिवाळीले गाडी घेऊ, तुम्हीच पहिल्यांदा चालवजा. पोरगी फोनवर म्हणते, उन्हाळ्यात येतो, आंबे खाऊ. ही म्हणते, चूप राहा. मले ह्यायले सांगाचं आहे का मी चाललो. पण मी तोंड उघडलं का सारे उठून जातात. सारेच तुह्यासारखे नाटककार झाले बे. म्हणून म्हणतो, एकदा लोकांदेखत मरू दे मले. स्टेजवर मेलो तं कोणी उठून जाऊ शकत नाही. मंग घरी बोलता येईन."

मारोतराव चहाचा कप तसाच ठेवून उठले. ते घरी आले. त्यांनी तो प्रवेश एका बैठकीत लिहिला. साधाच लिहिला. पाटील चहा मागतो, सगळ्यांना जवळ बोलावतो, शेवटी थोरल्या मुलाला विचारतो, ‘जाऊ का मी?’ आणि मुलगा म्हणतो, ‘जा बाबा, मागचं मी पाहतो.’ मग पाटील मरतो. लिहून झाल्यावर त्यांनी बेबीताईला वाचून दाखवलं. ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता ह्याच्यात बबलूले घालू नका."

नाटकाच्या दिवशी सत्कार आटोपते घेतले. पाच जण रुसले, त्यांना अमरनं तसंच रुसू दिलं. भीमराजला ऑटोतून आणून स्टेजमागच्या बाजूनं चढवलं आणि खाटेवर ठेवलं. फेटा बांधताना त्यानं आरशात पाहून मिशी सारखी केली. समोर पहिल्या रांगेत कांताबाई बसली होती. येणार नाही म्हणाली होती, पण आली. बाजूला रवी. मुलगी रुपालीही पोरांना सासूकडं टाकून चंद्रपूरहून आली होती.

नाटक छान रंगलं. भीमराज असा काही बोलत होता की दम लागतोय हेही लोकांना अभिनयच वाटत होतं. शेवटचा प्रवेश सुरू झाला. पाटलानं चहा मागितला. सुनेनं आणून दिला. एकेकाला जवळ बोलावणं झालं. थोरल्या मुलाचं काम नयन नावाचा कॉलेजातला पोरगा करत होता, तो पुढं होऊन खाटेशी बसला. भीमराजनं त्याचा हात धरला. तोंड उघडलं.

आणि विंगेत मारोतरावांचं अवसान गळालं. तो धरलेला हात, तो सुजलेला पाय फेट्याखालच्या त्या चेहऱ्यासकट एकदम खरा दिसला त्यांना. इतक्या वर्षांची सवय हातात होतीच. त्यांनी शेजारी विडी ओढत बसलेल्या बबलूच्या गळ्यात डॉक्टरची नळी अडकवली आणि त्याला ढकललं.

बबलूला नाटक कुठवर आलंय याचा पत्ता नव्हता. तो सवयीनं ओरडला, "घाबरू नका! पाटील वाचतील! सुई देतो!"

नयन बावचळला. खाटेवरून भीमराज शांतपणे म्हणाला, "या डॉक्टरसाहेब. उशीर केला तुम्ही. सूनबाई, ह्यायले चहा द्या अन् घरी सोडा." मंडप हसून लोटपोट झाला. बबलूनं खरंच चहा घेतला आणि कप घेऊन बाहेर आला.

भीमराजनं पुन्हा नयनचा हात धरला. "पोरा, आता..."

या वेळी बबलू दाढी लावून आला. "अलख निरंजन! बेटा, तुझं आयुष्य अजून..."

"थांब बे," भीमराज म्हणाला. हा पाटलाचा आवाज नव्हता. तो खाटेवर कोपरावर उठून बसला आणि विंगेकडं तोंड करून, वणी स्टँडवरच्या आवाजात ओरडला, "मारोत्या! बाहेर ये!"

नाटक चालू असताना मारोतराव आयुष्यात कधी स्टेजवर आले नव्हते. ते विंगेच्या कापडाला धरून उभे राहिले. "येतं का मी येऊ?" भीमराज म्हणाला. मग ते आले, शर्टाच्या खिशाला पेन, पायात स्लिपर, उजेडानं डोळे बारीक केलेले. नयनला कळेना की आपण उठायचं की बसायचं. भीमराजनं त्याला मानेनं बाजूला केलं आणि मारोतरावांना त्याच्या जागी बसवलं. बबलू दाढी हातात घेऊन उभा राहिला.

"लोकहो," भीमराज म्हणाला, "हा मारोत्या. ह्यानं मले तीस वर्ष मरू नाही देल्लं. कामाचा माणूस आहे, पण ह्याले थांबता येत नाही." लोक हसले, पण कमी. "मारोत्या, तूच लेहलं आहे न? मंग मी तुलेच विचारतो. जाऊ का मी?"

मारोतरावांना ते वाक्य पाठ होतं. त्यांनीच लिहिलं होतं. ते तोंडातून निघेना. त्यांना भीमराजसोबत नाल्यात मासे धरलेलं आठवलं नाही, शाळा आठवली नाही, नाटकात आठवायला हवं असं काहीच आठवलं नाही. फक्त राग आला. एवढ्या लोकांसमोर हा माणूस आपल्याला रडवतो, याचा राग. "जाय न मंग!" ते ओरडले. "कोण धरून ठेवलं तुले? जाय!" आणि भोकाड पसरून रडायला लागले, नाकातोंडातून, सगळ्या गावासमोर, लहान पोर रडतं तसे.

"हे वाक्य लेहलेलं नव्हतं," भीमराज म्हणाला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कांताबाई उठली. साडीचा ओचा सावरत ती स्टेजच्या पायऱ्या चढली, भीमराजच्या डोक्याखालची उशी ओढून काढली, झटकून नीट ठेवली. "मान वाकडी होऊन राह्यली किती वेळची," ती म्हणाली, "अन् म्हणे मरतो." तिच्यामागं रवी आला, मग रुपाली. रवी खाटेपाशी उभा राहून नुसता नाक ओढत होता. मग त्यानं बापाचे पाय धरले. "जा बाबा," तो म्हणाला. "मागचं मी पाहतो. गाडीचं म्या खोटं बोललो."

"माहीत हाय मले," भीमराज म्हणाला. त्यानं एकेकाकडं नीट पाहून घेतलं. मग डोळे मिटले, मान कलती केली आणि मेला. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि सांगायलाच हवं, फार सुंदर मेला. अमरनं पडदा पाडला.

यानंतर जे झालं ते बोरडोहातच होऊ शकतं. टाळ्या पडल्या, थांबल्या, आणि कुणी उठलंच नाही. या गावानं नाटकाचा शेवट कधी पाहिलेला नव्हता. संपल्यावर काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. उजेड नाही, गाई हंबरल्या नाहीत, तर उठायचं कशावरून? बायका डोळे पुसत बसून राहिल्या. मागून कुणीतरी विचारलं, "मंग पुढं काय झालं?" अमर पडद्याबाहेर येऊन म्हणाला की संपलं, पण अमरवर कुणाचा विश्वास नव्हता. मग मारोतराव आले. माईक हातात आला की ते काय करतात हे लोकांना ठाऊक होतं, दोघाचौघांनी मांडी बदलली. मारोतराव म्हणाले, "संपलं. घरी जा." आणि माईक ठेवला. तरीही कुणी हलेना. तेव्हा पडद्याआडून पाटलाच्या प्रेताचा आवाज आला, "अबे जा न! मले लघवीले जाचं आहे!"

भीमराज त्यानंतर संक्रांत झाल्यावर गेला. मधल्या दिवसांत त्याच्या घरी एवढ्या गप्पा झाल्या की कांताबाई म्हणायची, आता बोलाले काही शिल्लकच नाही, आता नुसते भांडतो. कोणतं शेत कुणी करायचं हे बोलणं झालं, रुपालीला लहानपणी मारलेल्या चापटीबद्दल माफी मागणं झालं, विहारात जेवण काय द्यायचं हेही ठरलं आणि त्यावरून वाद झाला. एका दुपारी त्यानं चहात पाव बुडवून खाल्ला, ‘गोड झाला जरा’ म्हणाला आणि आडवा झाला. मारोतराव पोचले तेव्हा रवीनं दारातच त्यांना मिठी मारली. मारोतराव रडले, खांदा दिला, आणि सगळं आटोपल्यावर कांताबाईला हात जोडून सरळ फाटकाबाहेर पडले. वळून बोलले नाहीत. बेबीताई पहिल्यांदा त्यांच्या मागून पळत घरी आली.

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. त्यांना भीमराजची आठवण येत होती आणि ती दुखत होती, यापलीकडे त्यात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि दाराशी पाटावर बसले. बेबीताई कणीक मळत होती.

"बेबी, आपल्या दोघात आधी कोण जाईन?"

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी असलं कधी विचारलं नव्हतं. बेबीताईचा हात थांबला नाही. "मीच," ती म्हणाली. "तुमच्या हातून काही लवकर संपते काय?"

"मंग मी काय करू मागं?"

"जे कराचं ते करा. म्या पाहाले थोडीच येणार आहो."

मारोतरावांनी तिच्या कणकेतल्या हाताकडं पाहिलं. मग उठले, बाह्या वर केल्या. "मले वरण शिकव."

बेबीताईनं वळून पाहिलं. हा माणूस थट्टा करतोय का, हे तिनं त्याच्या तोंडावर शोधलं. तो थट्टा करत नव्हता. "डाळ काढा आधी," ती म्हणाली. त्यांनी पहिला डबा उघडला, त्यात साखर. दुसऱ्यात शेंगदाणे. तुरीची डाळ खालच्या फळीवर निघाली. त्यांनी पातेल्यात दोन मुठी टाकल्या आणि तिच्यापुढं धरलं.

बेबीताईनं पातेल्यात पाहिलं. "ही दोघायची झाली," ती म्हणाली. "शिकाचंच आहे तं नीट शिका. एका माणसाची घ्या."

मारोतराव पातेलं धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक मूठ उचलली आणि परत डब्यात टाकली.